उत्तर: पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत, नोंद कुठे शोधायची?

ताई, तुमचे पणजोबा खेड तालुक्यातले, १९१५ च्या सुमारास बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. घरात त्यांच्या नावाची ब्राँझची गोल चकती आहे. चुलते सांगतात ते 'पाच मराठा'त होते, आणि कचेरीतून मात्र 'असं नाव आमच्याकडे नाही' असं सांगून वाटेला लावलं. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्या घरात एक अख्खी पिढी याच उत्तरावर थांबून राहिली होती.

अर्ज कसा करायचा, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं (महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नावांच्या याद्या सांभाळणारी संस्था) संकेतस्थळ कसं उघडायचं हे सांगत नाही, ते तुम्हाला जमेल. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबानेच घ्या.

आधी 'पाच मराठा'चं बघू. पहिल्या महायुद्धात या नावाची पलटणच नव्हती. १९२२ साली जुन्या पलटणी एकत्र करून '५वी मराठा लाइट इन्फंट्री' झाली. त्याआधीची १०३वी तिची पहिली बटालियन, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी, आणि ११४वी बेळगावची प्रशिक्षण बटालियन. म्हणजे घरात जे 'पाच' म्हणून सांगितलं जातं ते युद्धानंतरच्या कागदावरून आलेलं असू शकतं. आमच्याकडे तसंच होतं. माझ्या आजीचे वडील गेले ११७व्या पलटणीत. पण पणजीच्या पेन्शनचा जो फाटका कागद उरला होता तो १९२२ नंतरचा, त्यावर पलटणीचं नवं नाव. पणजोबांचा नंबर होता तो कोपरा वाळवीने खाल्लेला.

आता ते कार्यालय. नाव घेणार नाही, खाली विचारूही नका. माझे वडील तो कागद घेऊन गेले. तिथल्या माणसाने '५वी मराठा, १९१४ ते १८' असं काहीतरी चाळलं आणि 'नाही' म्हणाला. नसणारच, कारण त्या सालात ती पलटणच नव्हती! मान्य, एखाद्याला हे माहीत नसेल. पण जाणत्याला विचारावं, निदान 'या नावाखाली सापडलं नाही' असं लिहून तरी द्यावं. लिहून काहीच दिलं नाही. पुढच्या खेपेला दुसरा माणूस भेटला, तो म्हणाला आधी मृत्यूची नोंद आणा. वडील तलाठ्याकडे गेले. गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, त्यात नोंद कुठून असणार? माणूस मेला टायग्रिसच्या काठी. गावच्या कोतवालाने त्याचा मृत्यू लिहायचा कसा? हे त्यांना सांगितलं तर 'मग आम्ही काय करणार' हे उत्तर. तिसऱ्यांदा साहेब रजेवर. वडिलांचा स्वभाव भिडस्त. खुर्चीतल्या माणसाने नाही म्हटलं म्हणजे नाहीच, अशी त्यांची समजूत.

आजीला पेन्शन, पदक यातलं काही नको होतं. तिला फक्त तारीख हवी होती. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात. तिथी माहीत नाही म्हणून पणजीच्या काळापासून त्यांचं पान सर्वपित्रीलाच वाढलं जायचं, आणि आजीला वाटायचं आपल्या बापाला त्याचा स्वतःचा दिवस असावा. वडिलांनी घरी येऊन सांगितलं की सरकारात नावच नाही. मग भाऊबंदांतल्या कुणीतरी, आजीच्या कानावर जाईल अशा बेताने, म्हटलं की माणूस तिकडे पळालाच असेल. त्या एका तोंडी 'नाही'ने केलेलं हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं. पुढे आजी गेली.

नाव सापडलं ते आयोगाच्या यादीत, पलटणीचा जुना नंबर टाकल्यावर. म्हणून माझा आग्रह: आडनावाने शोधू नका. हिंदी शिपायांची नावं साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. कुठे आडनावच नाही, कुठे बापाचं नाव आडनावाच्या जागी. पलटण टाका, सालं टाका आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात तालुका किंवा जिल्हा टाका, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे बदलून. अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका असं तिथे पुष्कळदा असतं. जिल्हा त्या काळचा धरा. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, मालवण-देवगडचा माणूस रत्नागिरीत सापडेल. रायगड तेव्हा कुलाबा. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थानं. तुमच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे: खेड दोन, एक रत्नागिरीतलं आणि एक पुण्याचं.

तुमचे पणजोबा बसऱ्याला गेले म्हणता. तेव्हा आख्ख्या मेसोपोटेमियालाच, म्हणजे आजच्या इराकला, लोक बसरा म्हणायचे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि टायग्रिसकाठच्या कुत गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी उपासमार, घोड्याचं मांस, स्कर्व्ही, आणि मग सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत. कैदेत गेलेल्यांच्या तारखांवर फार भरवसा ठेवू नका, काही ठिकाणी ती गृहीत धरलेली असते. आणि पलटण मराठाच असेल असंही धरून चालू नका. पायोनियर आणि खडकीचे सॅपर्स (रस्ते, पूल, खंदक बांधणारे सैनिक), १९१७ साली उभी राहिलेली १११वी महार पलटण, खेचरं हाकणारे, मजूर तुकड्या, कोकणातून सगळीकडे माणसं गेली. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता, तेवढ्यासाठी गेलेल्या माणसाला आज आपण देशभक्त ठरवायचं की साहेबाचा चाकर, हा वाद माझ्या चुलतभावांत अजून चालू आहे. मी त्यात पडत नाही.

एक धक्का आधीच सांगून ठेवतो. कबर बहुधा मिळणार नाही, आणि भिंतीवर नावही नसेल. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,५०० हून अधिक माणसांची आठवण आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा, 'आणि इतर इतके हिंदी शिपाई'. नावं होती ती रजिस्टरात. त्यातून १९९७ साली सद्दामच्या हुकमाने स्मारकच उचलून नासिरियाच्या रस्त्याला नेलं. २०२१ साली आयोगाने स्वतःच अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली. किमान १,१६,००० माणसांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या मोहिमांतल्या, नावानिशी दखलच घेतली गेली नाही, असं त्यात आहे. तेव्हा नाव नाही सापडलं तरी माणूस पळाला असं कुणाला म्हणू देऊ नका.

लंडनच्या संग्रहात पणजोबांचं सेवापत्रक मिळेल ही आशा सोडा, साध्या हिंदी शिपायांची सेवापत्रकं तिथे ठेवलेलीच नाहीत. पलटणीची युद्धदैनंदिनी (रोजच्या हालचालींची नोंदवही) मिळू शकते, ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत. पण तीत अधिकारी नावाने येतात आणि शिपाई संख्येने. आणि लाहोरच्या संग्रहालयातल्या ३,२०,००० नोंदींचा दुवा तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. ती पंजाबची रजिस्टरं आहेत, आपल्या कामाची नाहीत.

चकतीवर फक्त नाव असतं. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही. सगळी माहिती असते पदकाच्या कडेवर, तिथे नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. घरात पदक आहे का, ट्रंकेत, देव्हाऱ्यात, आत्याकडे, बघा. चांदीची पदकं कितीतरी घरांतून सोनाराकडे गेली, तरी विचारा. आणि मिळालं तर कृपा करून चिंचेने घासू नका, कड झिजते. पीठ किंवा पावडर हलकी पसरून तिरप्या उजेडात फोटो काढा.

गावातली शाळा, चावडी, देऊळ इथे संगमरवरी पाटी आहे का तेही बघा. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले, अशी. साताऱ्याच्या आपशिंगे मिलिटरीचं स्मारक सगळ्यांना माहीत आहे, पण अशा पाट्या कोकणातही आहेत. नावं नसतात, पण आकडा जुळला तर आधार होतो.

कचेरीत पुन्हा जाणारच असाल तर तोंडी बोलूच नका. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'नाही' असेल तर ते सहीनिशी 'नाही' घ्या, आणि अर्जात पलटणीचं जुनं आणि नवं दोन्ही नावं लिहा. (वकील मंडळींनी चूक असेल तर दुरुस्त करावं.) ब्रिटिश सरकारकडून वारसांना मोठी रक्कम मिळवून देतो म्हणणारे दलालही भेटतील. ते आधी फी मागतात, एवढं ओळखायला पुरे.

जमिनीचे जुने फेरफार मात्र काढाच. आमच्या फेरफारात वारसनोंद होती, पणजीचं नाव, मुलगी अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), आणि खातेदार 'लढाईवर मयत'. कोतवाल बुकात जे नव्हतं ते इथे सापडलं. आयोगाच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव बरोबर जुळलं, तारीख फेब्रुवारी १९१६ ची, वेढ्यातली. शके १८३७ चं पंचांग शोधून माघातली तिथी काढली, आता त्याच दिवशी पान वाढतो. नोंदीत गावाचं स्पेलिंग भलतंच आहे, दुरुस्तीसाठी फेरफाराची नक्कल आयोगाला पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की ते कोणते कागद मान्य करतात हे इथे टाकीन, तुम्हालाही लागेल.