पोलीस ठाण्यात उन्हाळी इंटर्नशिप करावी का? तिथे खरंच काही शिकायला मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, सुट्टीतला एक महिना जवळच्या पोलीस ठाण्यात काढायचा विचार आहे, पण घरचे म्हणतात, 'मुलीच्या जातीने तिथे कशाला जायचं?' आणि सीनियर म्हणतात, 'नुसतं बसवून ठेवतात.' घरच्यांकडे शेवटी येते. सीनियर म्हणतात ते अर्धं खरं आहे, मलाही बसवूनच ठेवलं होतं.

मी २०२४ मध्ये केली. परीक्षा लांबल्यामुळे उन्हाळा संपता संपता सुट्टी लागली आणि १० जून ते ६ जुलै असे चार आठवडे एका शहरी पोलीस ठाण्यात गेले. पहिले तीन दिवस मुद्देमाल खोलीच्या (जप्त वस्तू ठेवतात ती) दाराला लागून एक खुर्ची आणि 'मॅडम, बघा तुम्ही' एवढंच मिळालं. काय बघायचं ते कुणी सांगेना. छापे, पाठलाग, चौकशीची खोली असलं काही डोक्यात घेऊन जाल तर दुसऱ्याच दिवशी कंटाळाल. ठाण्यात दिवसभर चालतं ते लिखाण.

चौथ्या दिवशी मी ती खुर्ची उचलली आणि ठाणे अंमलदारांच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवली. परवानगी विचारली, ते 'बसा' म्हणाले. माझी इंटर्नशिप खरी तिथे सुरू झाली.

आत शिरलेला माणूस पहिल्यांदा ज्यांच्यासमोर उभा राहतो ते ठाणे अंमलदार. तो बोलतो, रडतो, कधी ओरडतो, आणि त्या बोलण्याचा कोणता कागद होणार हे त्या टेबलावर ठरतं. गुन्हा दखलपात्र असेल, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येईल असा, तर प्रथम खबर, म्हणजे एफआयआर. अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. नाहीतर नुसता तक्रारी अर्ज, जो 'चौकशीवर' ठेवतात. पुस्तकात हे फरक दोन ओळींत संपतात. टेबलावर ते एकेका शब्दावर अडतात.

एक मुलगा आला. म्हणाला, "बसमध्ये मोबाइल मारला माझा."

"काढताना बघितला का कुणाला?"

"नाही."

"मग गहाळ झाला म्हणा."

झालं! 'गहाळ' लिहिलं की रजिस्टरला नोंद होते, नवीन सिमकार्डासाठी दाखला मिळतो आणि फोनचा आयएमईआय नंबर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर टाकून फोन ब्लॉक करता येतो. 'चोरी' लिहिलं तर गुन्हा दाखल, तपास, आणि ठाण्याच्या आकडेवारीत एक उघड न झालेला गुन्हा जास्त. मी नुकताच ललिता कुमारी खटल्याचा २०१३ चा निकाल पाठ केला होता: माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक. मोठ्या तोऱ्यात तसं म्हणाले. टेबलावरचे अंमलदार, एक हवालदार, शांतपणे म्हणाले, "तो निकाल मलाही ठाऊक आहे, मॅडम. पण फोन पडला की काढला, हे त्यालाच ठाऊक नाही. मी कसं लिहू?" त्या मुलापुरतं त्यांचं बरोबर होतं. पण पुढच्याच आठवड्यात एक बाई 'हातातून ओढून नेला' असं स्वच्छ सांगत होत्या, तरी पेन आधी 'गहाळ'कडेच वळलं. त्या अडून बसल्या, वरच्या साहेबांकडे गेल्या, तेव्हा गुन्हा दाखल झाला. दोन्ही प्रसंग एकाच टेबलावरचे, माणूसही तोच.

एनसीचं तर विचारूच नका. शेजाऱ्यांची भांडणं, शिवीगाळ, 'बघून घेतो'च्या धमक्या. लोक एनसीची प्रत घडी घालून पाकिटात ठेवतात आणि केस झाली अशा समजुतीने घरी जातात. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही (तेव्हा सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७४), हे त्यांना सांगायला तिथे कुणाला सवड नसते. ते काम नकळत माझ्याकडे आलं. रांगेत पाच माणसं उभी असताना, कायदा न शिकलेल्या माणसाला दोन वाक्यांत कायदा सांगायची सवय मला मूट कोर्टने (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्याने) लावली नाही, या टेबलाने लावली.

जबाब लिहिताना बघणं हा वेगळाच तास. समोरचा सांगतो, "तो आला आणि त्याने माझ्या भावाला धरून मारलं हो." कागदावर उतरतं: 'मी समक्ष पोलीस ठाणे येथे हजर राहून जबाब लिहून देतो की, सदर इसमाने माझे भावास हाताबुक्क्यांनी मारहाण केली.' आधी मला याचं हसू यायचं. मग लक्षात आलं की 'धरून'चं काय झालं? कुणी धरलं, किती जण होते, हे वाक्य लिहिताना गळून गेलं, आणि उद्या उलटतपासणीत वकील नेमका तोच धागा ओढणार. आता जबाब हातात आला की मी आधी हेच शोधते, काय सांगितलं असेल आणि काय उतरलं नाही.

एकदा एका साक्षीदाराचा जबाब घ्यायला हवालदारांबरोबर त्यांच्या घरी गेले. सत्तरीचे आजोबा, निवृत्त तलाठी. तेव्हाच्या कायद्यात ६५ वर्षांवरच्या पुरुष साक्षीदाराला ठाण्यात बोलावता येत नसे, नव्या कायद्यात ही मर्यादा ६० आहे. आजोबांनी जबाब चष्मा लावून दोनदा वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लावलं आणि पेन मागितलं. हवालदार म्हणाले, "सही लागत नाही, बाबा." आजोबा ऐकेनात. सहीशिवायचा कागद ही कल्पनाच त्यांना सहन होईना. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे सीआरपीसीचं १६२ वं कलम (आताचं १८१) मी त्या दिवसानंतर कधी विसरले नाही.

मध्ये बकरी ईद आली. जवळपास सगळं ठाणं बंदोबस्ताला गेलं आणि मी बारनिशीत, म्हणजे टपालाच्या टेबलावर, आवक-जावक लिहीत बसले. असे कोरडे दिवस बरेच येतात. ते धरूनच चला.

माझं नशीब असं की नवे फौजदारी कायदे १ जुलैला लागू झाले. महिनाभर आधीपासून भिंतीवर तक्ता लागलेला होता: खुनाच्या ३०२ चं १०३, फसवणुकीच्या ४२० चं ३१८, चोरीच्या ३७९ चं ३०३. तीस वर्षं ज्यांच्या तोंडात 'तीनशे दोन' बसलेलं, ते लोक शाळकरी पोरांसारखे पाठ करत होते. २ जुलैला दोन चोऱ्यांच्या तक्रारी आल्या. एक ३० जूनच्या रात्री झालेली, दुसरी १ तारखेच्या दुपारची. पहिलीला भादंविचं (जुन्या भारतीय दंड विधानाचं) कलम, दुसरीला भारतीय न्याय संहितेचं, नोंदवायची पद्धत मात्र दोन्हींना नवी. कारण घटना कधी घडली यावर कलम ठरतं, तक्रार कधी दिली यावर नाही. आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात कळली: पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे जुना फोन चोरीला गेला तर त्याची किंमत किती लिहिली जाते त्यावर पुढचं सगळं अवलंबून. तुम्ही जाल तेव्हा हे जरूर बघा.

आता एक सावधगिरी, आणि ही मनापासून. तिसऱ्या आठवड्यात जप्तीचा पंचनामा चालू होता, एक पंच आलाच नव्हता. एक अंमलदार सहज म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं पंच म्हणून सही करता का?" मी पेन घेतलंसुद्धा होतं. सपोनि (सहायक पोलीस निरीक्षक) साहेब दारातून ओरडले, "अरे, ती उद्या वकील होणार. तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करताय का?" पंच स्वतंत्र माणूस असावा लागतो. रोज ठाण्यात बसणारी इंटर्न स्वतंत्र कशी? बचावाचा वकील पहिल्याच प्रश्नात पंचनामा फाडेल, आणि पाचेक वर्षांनी समन्स तुमच्या घरी येईल. कुणी विचारलं तर हसून नाही म्हणा.

डायरीत नावं लिहू नका. फिर्यादी, आरोपी, मुलं, कुणाचंच नाही, 'एक महिला, वय तिशीच्या आसपास' एवढं पुरतं. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा. फोटो आणि रील तर अजिबात नकोत. कोठडीकडे आपणहून फिरकू नका. एका अकस्मात मृत्यूच्या ठिकाणी 'येता का' असं मला विचारलं होतं. मी गेले नाही आणि कुणी नावही ठेवलं नाही.

घरच्यांसाठी: माझी आई पहिल्या दिवशी फाटकाबाहेर तासभर उभी होती. तिला धीर आला तो महिला उपनिरीक्षकांशी दोन मिनिटं बोलल्यावर. तुम्हीही अर्जातच लिहा की शक्यतो महिला अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आणि दिवसाच्या वेळेत काम द्यावं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

परवानगीसाठी थेट ठाण्यात गेलात तर बहुतेक 'वरून पत्र आणा' असंच ऐकाल. मीही ऐकलं. कॉलेजचं शिफारसपत्र जोडून अर्ज आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांच्या नावे, जिल्हा असेल तर पोलीस अधीक्षकांच्या नावे करा, सुट्टीच्या निदान दीड-दोन महिने आधी. कॉलेजला आधीच विचारून घ्या की पोलीस ठाण्यातला काळ इंटर्नशिपमध्ये धरतात का. बार कौन्सिलच्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे लागतात, सलग मात्र चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. वकील आणि कोर्टाकडचे आठवडे वेगळे ठेवाच. माझ्या वर्गातल्या एकाचे आठवडे नंतर मोजणीत धरले गेले नाहीत, कारण त्याने आधी विचारलं नव्हतं.

आणि अर्ज दोन प्रतींत करा. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून परत घ्या. बारनिशीतले कारकून 'ठेवून जा, बघतो' म्हणतील. ठेवून जाऊ नका, शिक्का मिळेपर्यंत तिथेच उभ्या राहा.