महिन्याची सुई आणि त्याआधीचे दिवस

प्रश्न : यजमानांना दारूसाठी नाल्ट्रेक्झोनची ५० मिलिग्रॅमची रोजची गोळी आहे. ते ती गालात धरतात आणि नंतर बेसिनमध्ये थुंकतात. याचंच महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन देता येईल का? पाठदुखीसाठी ते ट्रॅमाडॉलही घेतात. (ऐरोली)

उत्तर : औषध तेच आहे, पण ट्रॅमाडॉल चालू असताना सुई मुळीच नको. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं. नाल्ट्रेक्झोन मेंदूतून त्याला हुसकावून लावतं आणि उलट्या, जुलाब, घाम, अंगदुखी एकदम उसळते. गोळी थुंकली जाते म्हणूनच कदाचित हे आजवर टळलं असेल. गोळीचा असर एक-दोन दिवसांत ओसरतो. सुईतून गेलेलं औषध मात्र परत काढता येत नाही. म्हणून आधी ७ ते १० दिवस ट्रॅमाडॉल बंद हवं, कोडीनचं खोकल्याचं औषधही. लघवीची नेहमीची अफूची तपासणी ट्रॅमाडॉल पकडत नाही, तेव्हा डॉक्टरांना तुम्हीच सांगा. ट्रॅमाडॉल किंवा रोजची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते.

डोस ३८० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, कुल्ल्याच्या स्नायूत खोल. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला. विरघळणाऱ्या टाक्यांसारख्याच पदार्थाच्या बारीक कणांतून औषध हळूहळू झिरपतं. औषध स्नायूऐवजी चरबीत गेलं तर गाठ होते, कातडी काळी पडू शकते. तसं दिसलं तर शेक देत बसू नका, लगेच दाखवा.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रिजबाहेर ७ दिवस चालतं, पण २५ अंशांच्या आत. ठाण्याच्या मे महिन्यात ते कसं जमणार? थर्मोकोलच्या डब्यातून न्या, बर्फ बाटलीला चिकटू देऊ नका, गोठलेलं औषध वाया जातं. टोचण्याआधी ४५ मिनिटं बाहेर काढायचं आणि औषधाची पूड द्रवात कालवली की लगेच द्यायचं, नाहीतर सुई तुंबते.

सुईची सोय होईपर्यंत, ट्रॅमाडॉल सुटल्यावर, गोळी तुमच्यासमोर पाण्याबरोबर घेऊ द्या आणि पाच मिनिटं बोलत बसा. मार्गदर्शनासाठी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.

प्रश्न : भाऊ ब्राउन शुगर (हेरॉइन) सोडून जिभेखालची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो. त्याला ही सुई चालेल का? (वाशी)

उत्तर : नाही. ब्युप्रेनॉर्फिनही अफूच्याच कुळातलं, म्हणून ते थांबवून दोन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं आणि त्याच काळात माणूस परत नशेकडे वळतो. सवय तुटलेली असल्याने जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. ब्युप्रेनॉर्फिनचंही महिन्याचं इंजेक्शन आहे, पोटाच्या कातडीखाली देतात. अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. पण गोळीवर भाऊ स्थिर असेल तर ती चालू राहू द्या.