बॉनेटखाली काय झालं, कळणार कसं?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : बेळगावच्या शोरूमला सकाळी गाडी सोडतो, संध्याकाळी चकाचक धुऊन मिळते. मधे काय होतं ते दिसत नाही. बिलात ऑइल आणि फिल्टर असतात, पण ते खरंच बदलले का, हे कसं ओळखायचं? गाडी पेट्रोल, 1.2 लिटर. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : खरी तपासणी गाडी सोडण्याआधी होते. घरीच डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी) ओढून जुन्या ऑइलचा रंग बघून ठेवा. ऑइल फिल्टर वरून हाताला लागत असेल तर त्याच्यावर मार्करने बारीक रेघ मारा. एअर फिल्टरच्या कडेलाही तशीच एक. किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा एकाच फोटोत घ्या.

गाडी परत घेताना ती सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. पातळी दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेजवळ हवी. पेट्रोल गाडीत नवं ऑइल मधासारखं दिसतं. (डिझेलवाल्यांनी रंगावर जाऊ नये, काजळीमुळे नवं ऑइलही लगेच काळं होतं.) पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर ‘चार थेंब जास्तच मिळाले’ म्हणून खूश होऊ नका. फिरता क्रँक (इंजिनातला मुख्य दांडा) ते ऑइल ताकासारखं घुसळतो, फेस होतो आणि बेअरिंगला पुरेसा दाब मिळत नाही. जास्तीचं तिथेच काढायला लावा.

मग बिल. तुमच्या आकाराच्या इंजिनाला फिल्टरसकट साधारण 3 ते 3.5 लिटर ऑइल लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. बिलात 4 लिटर लावले असतील तर उरलेलं कुठे गेलं ते विचारा. ड्रेन बोल्टाचा (जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टाचा) वायसर बिलात आहे का तेही बघा. वस्तू किरकोळ, पण जुनाच चेपलेला वायसर पुन्हा बसवला की आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर थेंब दिसू लागतात.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ज्याच्याशी बोलता तो ॲडव्हायझर आणि गाडीखाली झोपतो तो मेस्त्री, ही दोन माणसं. मेस्त्रीपर्यंत पोचतं ते जॉबकार्डावरचं (गाडी घेताना भरतात त्या कामाच्या कागदावरचं) लिखाण, तुमचं बोलणं नव्हे. ‘डावीकडून खडखड येते’ असं नुसतं सांगितलं तर ते काउंटरवरच राहतं. ‘30च्या वेगात खड्ड्यात, पुढच्या डाव्या चाकापाशी’ असं लिहून घ्या आणि शेवटी ‘जुने पार्ट परत द्यावेत’ हेही लिहायला लावा. संध्याकाळी मागाल तर ते भंगारात गेलेले असतात. फसवाफसवीपेक्षा घाई आणि अर्धवट निरोप यांनीच जास्त कामं बिघडतात.

प्रश्न : आजरामार्गे आंबोली घाट उतरून महिन्यातून दोनदा गोव्याला जातो. 22 हजार किलोमीटरलाच पुढचे ब्रेक पॅड संपले म्हणतात. पटत नाही. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : तुमच्या रस्त्यावर हे शक्य आहे. पण ‘संपले’ हे माप नव्हे. किती मिलिमीटर उरले ते विचारा आणि चाक काढून दाखवायला सांगा. नव्या पॅडचं अस्तर साधारण 10 मिलिमीटर असतं, 3 च्या आसपास आलं की बदलायचं. 6 उरले असतील तर पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणा. आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या आहेत. त्या साफ करून ग्रीस न लावता नुसते पॅड बदलले तर तोच खर्च लवकरच पुन्हा येईल. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलतात. गाडी हलवण्याआधी ब्रेक चार-पाच वेळा दाबून पॅडल कडक झालंय का बघा.

पॅडपेक्षा ब्रेक ऑइलची चौकशी आधी करा, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. कोरडं, म्हणजे नवं, डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 वर येते. लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की वाफ होते आणि पॅडल जमिनीला टेकतं. बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, पॅड आपोआप टिकतील.

प्रश्न : इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग... बिल दुप्पट होतं. काय घ्यावं? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पुस्तकाच्या वेळापत्रकात नाही ते सही करण्याआधी खोडा. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) तेव्हाच साफ करा, जेव्हा उभ्या गाडीत आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, वरखाली होतो. एसीचा फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांत घरी बदलता येतो. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागून लाल धुरळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी एअर फिल्टर मात्र वेळेआधीच उघडून बघावा. चाकांचं अलाइनमेंट केलं असेल तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची छापील पट्टी मागा. पट्टी नाही तर पैसे नाहीत.

प्रश्न : सर्व्हिसिंगनंतर हायवेवर पंक्चर झालं, नट काही सुटेना. पान्यावर उभा राहिलो तरी नाही. (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : हवेच्या गनने नट आवळून तसेच सोडले. लहान गाड्यांना साधारण 100 न्यूटन-मीटर पुरतात. शेवटचा फेरा टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), एकाआड एक नट असा मारायला सांगा. घरी आल्यावर गाडीतल्याच पान्याने एकेक नट सैल करून पुन्हा आवळून बघा.

प्रश्न : कोल्हापूरच्या शोरूमने न केलेल्या कामाचे पैसे घेतले. आम्ही कर्नाटकात, तक्रार कुठे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी ईमेलने लेखी तक्रार, सोबत जॉबकार्ड, बिल आणि फोटो. उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानेही भागलं नाही तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. म्हणजे कोल्हापूरच्या खेपा नकोत, बेळगाव चालेल. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही.