वाचकांचे प्रश्न : शार्ड वाढवले, तरी काट्यावरची रांग का हटत नाही?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ) : आमची शेतकरी उत्पादक कंपनी कापूस आणि तुरीच्या खरेदीच्या नोंदी क्लाउडवरील मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये ठेवते. चाळीस केंद्रांवरून काटापट्ट्या येतात. हंगाम भरात आला की अकरा वाजल्यापासून एक नोंद जतन व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि काट्यावर गाड्या खोळंबतात. दिवाळीपूर्वी आम्ही तीनाचे पाच शार्ड (डेटाचे वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवलेले भाग) केले, खर्च वाढला, पण फरक पडला नाही. आमची शार्ड की, म्हणजे कोणती नोंद कोणत्या शार्डवर जाईल हे ठरवणारा रकाना, ‘आवक तारीख’ ही आहे. आणखी शार्ड घ्यावेत का?

उत्तर : आणखी शार्ड घेऊ नयेत. दुखणे शार्डांच्या संख्येत नसून आपण शेवटी सांगितलेल्या शार्ड कीमध्ये आहे.

मोंगोडीबी शार्ड कीच्या मूल्यांचे सलग तुकडे पाडते, त्यांना चंक म्हणतात. कोणता चंक कोणत्या शार्डवर आहे याची नोंद कॉन्फिग सर्व्हरकडे असते आणि ती पाहून मोंगोएस हा राउटर प्रत्येक काटापट्टी योग्य ठिकाणी पाठवतो. आता आजची तारीख ही आतापर्यंतच्या सर्व तारखांपेक्षा मोठीच असणार, म्हणून आज आलेली प्रत्येक काटापट्टी शेवटच्याच चंकात, म्हणजे एकाच शार्डवर जाते. बाजार समितीच्या आवारात पाच वजनकाटे आहेत, पण सोमवारच्या सर्व गाड्या पहिल्या काट्यावर आणि मंगळवारच्या सर्व दुसऱ्यावर घ्यायच्या असे ठरवले, तर सोमवारी चार काट्यांवरचे मापाडी रिकामे बसतील आणि पहिल्या काट्याची रांग फाटकाबाहेर जाईल. सहावा काटा बसवल्याने ती रांग कमी होणार नाही.

मोंगोडीबीचा बॅलन्सर हा भाग नंतर चंक हलवून शार्डांचे आकारमान सारखे करतो हे खरे, पण आकारमान सारखे झाले म्हणजे काम सारखे वाटले गेले असे नव्हे. उलट ज्या शार्डचा दम आधीच लागला आहे, त्यालाच नव्या नोंदी घेता घेता जुन्या उचलून द्याव्या लागतात. खात्री करायची असेल, तर गर्दीच्या वेळी प्रत्येक शार्डवर मोंगोस्टॅट हे साधन चालवून दर सेकंदाला किती नोंदी घातल्या जात आहेत ते पाहावे. माझा अंदाज असा की चार शार्डांवर तो आकडा शून्याजवळ असेल.

तारखेवरच हॅश (मूल्यावरून गणिताने काढलेला, विखुरलेला आकडा) लावावा असा सल्ला आपल्याला कोणी देईल. आपल्या रकान्यात वेळ नसून नुसती तारीख असेल, तर त्या दिवसाच्या सर्व नोंदींचा हॅश एकच येईल आणि गाड्या पुन्हा एकाच काट्यावर जातील. आपल्या कामासाठी ‘केंद्र क्रमांक’ आणि त्यामागे ‘शेतकरी क्रमांक’ अशी जोड की मला योग्य वाटते. हंगामात चाळीसही केंद्रे एकाच वेळी चालतात, म्हणून लेखन आपोआप विखुरते. एखाद्या मोठ्या केंद्राचा भार वाढला, तर शेतकरी क्रमांकावरून त्याचेही तुकडे पडू शकतात. केंद्राचा दैनंदिन गोषवारा काढताना राउटरला पाचही दारे ठोठवावी लागत नाहीत, कारण एका केंद्राच्या नोंदी शेजारी-शेजारीच राहतात. मात्र केंद्र न सांगता नुसत्या शेतकरी क्रमांकावरून शोध घेतला, तर तो सर्व शार्डांवर जाईल, म्हणून पडद्यावर केंद्र क्रमांक भरणे सक्तीचे करावे.

एक गोष्ट या बदलात हमखास निसटते. शार्ड केलेल्या कलेक्शनमध्ये (नोंदींच्या संचात) अनन्य इंडेक्सची, म्हणजे मूल्य दुबार येऊ न देणाऱ्या सूचीची, सुरुवात शार्ड कीनेच व्हावी लागते, म्हणून संपूर्ण डेटाबेसभर काटापट्टी क्रमांक दुबार येणार नाही याची हमी मोंगोडीबी देणार नाही. क्रमांक तयार करतानाच त्यात केंद्राचा आणि काट्याचा संकेतांक घालावा. एकाच क्रमांकाच्या दोन पट्ट्या दोन शेतकऱ्यांच्या हाती पडल्या, की चुकाऱ्याच्या वेळी होणारा मनस्ताप कोणत्याही मंद डेटाबेसपेक्षा वाईट असतो.

मोंगोडीबीच्या 5.0 आवृत्तीपासून चालू कलेक्शनची शार्ड की बदलता येते. त्यासाठी मूळ कलेक्शनपेक्षा जास्त मोकळी जागा लागते आणि काम चालू असताना सर्व्हरवर मोठा ताण येतो, म्हणून हे काम उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, हाती घेऊन पोळ्याच्या आत संपवावे. वेचणीच्या आरंभी शेतात सीतादही करतात, तोवर नव्या कीवर निदान महिनाभराची चाचणी झालेली असावी.

शार्ड वाढवण्याची वेळ पुढे कधी आलीच, तर तीही हंगामाआधी साधावी, कारण नवा शार्ड जोडला जातो त्या क्षणी तो रिकामा असतो. समजा 600 जीबी डेटा तीन शार्डांवर प्रत्येकी 200 असा आहे. पाच शार्डांवर तो प्रत्येकी 120 होईल, म्हणजे 240 जीबी हलवावा लागेल. एक शार्ड एका वेळी एकाच स्थलांतरात भाग घेऊ शकतो, म्हणून दोन नव्या शार्डांकडे एका वेळी दोनच स्थलांतरे चालतील. चालू कामाला धक्का न लावता एकूण वेग सेकंदाला 10 एमबी मिळाला असे धरले, तर सहा तास चाळीस मिनिटे लागतात. बॅलन्सरला रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच मुभा दिली, तर एका रात्रीत हे काम पुरे होत नाही.

उशीर केल्यास काय होते, याचे उदाहरण नोंदलेले आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये फोरस्क्वेअर ही आपण कुठे आहोत ते नोंदवण्याची सेवा सुमारे अकरा तास बंद पडली. त्यांचा डेटा मोंगोडीबीच्या, प्रत्येकी 66 जीबी मेमरीच्या दोन शार्डांवर होता आणि वाटणी असमान होऊन एक शार्ड मेमरीच्या बाहेर गेला. ऐन संकटात तिसरा शार्ड जोडून सुमारे पाच टक्के डेटा हलवला, तरी उपयोग झाला नाही, कारण हललेल्या छोट्या नोंदी मेमरीच्या पानापानांत (ठरावीक आकाराच्या तुकड्यांत) विखुरलेल्या होत्या आणि प्रत्येक पानावर काही ना काही उरल्यामुळे मेमरी मोकळी झाली नाही. साठवणुकीची पद्धत त्यानंतर बदलली आहे, पण भरलेल्या शार्डमधून डेटा काढणे हे स्वतःच त्या शार्डवरचे ओझे असते, ही अडचण आजही तीच आहे.

आपल्या भागापुरती आणखी एक सूचना. वीज किंवा नेटवर्क गेले की केंद्रे नोंदी संगणकात साठवतात, आणि वीज परतताच एका फीडरवरची सर्व केंद्रे एकाच मिनिटात त्या पाठवू लागतात. मी पाहिलेल्या एका खरेदी यंत्रणेत दुपारच्या कोंडीचे खरे कारण हेच निघाले होते. प्रत्येक केंद्राने पाठवणी सुरू करण्यापूर्वी शून्य ते पाच मिनिटांत कोणताही एक यादृच्छिक विलंब घ्यावा, एवढ्या बदलाने बरेच काम होते.

प्रश्न (वणी, जि. यवतमाळ) : मी ग्राहक क्रमांकाला चारने भागून उरणाऱ्या बाकीप्रमाणे चार डेटाबेसांत नोंदी वाटतो. पाचवा घ्यायचा आहे. चारऐवजी पाचने भागले की झाले ना?

उत्तर : तसे केल्यास शंभरातल्या ऐंशी नोंदींची जागा बदलेल, कारण चार आणि पाच या दोन्हींनी भागल्यावर सारखीच बाकी उरणारे क्रमांक विसात केवळ चार असतात. त्याऐवजी सुरुवातीलाच बरेच ठरावीक कप्पे करावेत, क्रमांकावरून कप्पा ठरवावा आणि कोणता कप्पा कोणत्या सर्व्हरवर आहे याचा तक्ता वेगळा ठेवावा. रेडिस या डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये (सर्व्हरांच्या गटात) असे 16384 कप्पे असतात. पाचवा सर्व्हर आला, की प्रत्येक जुन्या सर्व्हरवरचे थोडे कप्पे त्याला द्यावेत. एकूण पाचवा भागच हलतो आणि बाकीच्या नोंदी जागेवर राहतात.

प्रश्न (वरूड, जि. अमरावती) : संत्र्याच्या कलमांच्या विक्रीच्या तीस लाख नोंदी आहेत व अहवाल मंद झाला आहे. शार्डिंग करावे का?

उत्तर : मुळीच करू नये. तीस लाख नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका साध्या सर्व्हरला जड नाहीत. अहवालाच्या क्वेरीपुढे एक्सप्लेन ॲनालाइझ ही आज्ञा लिहून ती क्वेरी कशी चालते ते पाहावे. संपूर्ण टेबल वाचले जात असेल, तर तारीख आणि रोपवाटिका क्रमांक यांवर इंडेक्स घालावा. शिवाय प्रत्येक शार्डच्या निदान तीन प्रती ठेवण्याची रीत असल्यामुळे दोन शार्ड म्हणजे सहा सर्व्हरचे बिल येते. तो खर्च करण्याऐवजी आधी एका सर्व्हरची रोजची बॅकअप प्रत दुसऱ्या ठिकाणी जाते आहे की नाही, आणि ती परत उघडते की नाही, हे तपासावे.