कोकणात चिऱ्याच्या घराला बाहेरून लाकडी फळ्या लावायच्या आहेत. नियमांत बसेल असं काम कसं करावं?

तुमचं घर गुहागरजवळ आहे आणि पश्चिमेच्या भिंतीला अमेरिकन व्हिडिओत दिसतात तशा फळ्या हव्यात, असं तुम्ही लिहिलंय. त्या व्हिडिओतली भिंतच लाकडाची असते, आपली जांभ्याची. तिथल्या घरबांधणीच्या संहितेतली एक अट मात्र इथेही पाळा: मातीपासून सहा इंचांच्या आत येणारं बाहेरचं लाकूड औषध मारलेलं किंवा जातीनेच न कुजणारं असावं लागतं. मी तर म्हणतो, फळी जमिनीपासून फूटभर वरच सुरू करा. पागोळ्यांचं पाणी चिखल घेऊन उडतं.

आता माझ्या चुलत भावाचं घर. त्याने वेळणेश्वरकडे होमस्टे बांधला, दर्शनी भिंतीला सागाच्या फळ्या घेतल्या. लाकूड नीट वाळलेलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. शहरातून आलेल्या ठेकेदाराने त्या थेट गिलाव्यावर चिकटवून वरून खिळे मारायला घेतले. मी तिथेच सांगितलं, मागे उभ्या रिपा, म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या, मारा, इंचभर पोकळी ठेवा, खालचं-वरचं तोंड मोकळं सोडून जाळी लावा. ठेकेदार म्हणाला, उंदीर-पाली होतील. भाऊ म्हणाला, "दादा, तुझं सगळं जुन्या काळातलं."

पावसाची झड सुरू झाली. चिरा किती पाणी पितो ते तुम्हाला सांगायला नको. भिंत ओली, फळी ओली, आणि मधून वाऱ्याला वाट नाही. गणपतीला गेलो तेव्हा फळ्या फुगून एकमेकींना रेटत होत्या, खिळ्यांखाली काळे ओघळ आले होते. तळाची फळी उचकटली तर मागे वाळवीची माती. भाऊ आजही वखारवाल्याला दोष देतो. साफ चूक आहे. त्याच लाकडातल्या उरलेल्या फळ्या मी आमच्या पडवीवरच्या त्रिकोणाला रिपांवर लावल्या, माझे सुतार वडील लावायचे तशा. २०२१ च्या तौक्ते वादळातही त्यातली एक हलली नाही. आपले लोक पावसाळ्यात भिंतींना झावळ्यांचे झाप बांधत आले, तेही पाणी बाहेर अडावं आणि मागे वारा फिरावा म्हणूनच. ज्याला हे जुनं वाटतं त्याने भिंतीला लाकूड लावूच नये.

फळ्या आडव्या बसवा, वरची खालचीवर इंचभर तरी चढवा. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या, खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. एका रिपेवर फळीला एकच स्क्रू, आणि तो खालच्या फळीत शिरता कामा नये, नाहीतर ती आकसताना चिरते. तेल मागच्या बाजूलाही द्या, कापलेल्या टोकांना तर भरपूर पाजा. खिडकीच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी हवीच. साग, किंजळ, ऐन चालेल. आंबा नको. प्लायवूडच लावायचं तर आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन.

झाड स्वतःच्या बागेतलं असलं तरी तोडण्याआधी परवानगी काढा. साग, ऐन, किंजळ, फणस ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात.

परवानगीचं तुम्ही विचारलंत आणि ते मागेच पडलं. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला २०२० ची युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे. मजबुती आणि आगीच्या बाबतीत ती राष्ट्रीय इमारत संहितेवर चालते. लाकूड पेट घेतं, त्यामुळे मीटर बोर्ड आणि चुलीच्या धुराड्यापासून फळ्या लांब ठेवा. पाहुणे ठेवणार असाल तर इंजिनिअरकडून हे कागदावर घ्या. घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियमही बघावे लागतील, तेव्हा लाकडाची ऑर्डर देण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज करून पोच घ्या.