दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. रक्तातून पसरणाऱ्या आजारांपासून स्वतःला कसं जपायचं?

तुम्ही लिहिलंय की खासगी दातांच्या दवाखान्यात नुकत्याच कामाला लागलात. डॉक्टर ग्लोव्हज आणि मास्क देतात, पण अवजारं धुणं आणि सुया टाकणं तुमच्याकडेच आहे. आणि घरचे म्हणतायत, ‘एचआयव्ही होईल, सोडून दे ती नोकरी.’ मी दंतवैद्य आहे, माझा स्वतःचा दवाखाना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नोकरी सोडायची काही गरज नाही. काही गोष्टी मात्र डॉक्टरांकडे हक्काने मागा.

आधी धोका कशाचा किती ते बघू. आजार असलेल्या रुग्णासाठी वापरलेली सुई तुम्हाला टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण हजारात ३. हिपॅटायटिस सी ची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या एका प्रकारच्या काविळीची, शंभरात २ किंवा त्याहून कमी. आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी ही तशीच दुसरी कावीळ होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३०, रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहे त्यानुसार. हाच बी चा विषाणू ट्रेवर, काउंटरवर वाळलेल्या रक्तात ७ दिवससुद्धा टिकून राहतो. घरचे घाबरतायत एचआयव्हीला, पण तुमच्या कामात सगळ्यात सहज लागू शकते ती ही कावीळ. आणि नेमकी तिच्यावरच उत्तम लस आहे.

म्हणून पहिलं काम लस. तीन डोस: आज, एक महिन्याने आणि पहिल्या डोसपासून सहा महिन्यांनी. लहानपणी घेतली असेल असं गृहीत धरू नका. सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ साली आली, त्यामुळे आज विशी-तिशीत असलेल्या कितीतरी जणांना ती मिळालेलीच नाही. एखादा डोस राहून गेला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला घ्यायचा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही रक्ततपासणी करा, लसीने शरीरात संरक्षण तयार झालं का ते त्यात कळतं. आकडा १० किंवा त्याच्या वर आला की लस लागू पडली. काही थोड्या लोकांना ती लागू पडत नाही, त्यांना पुन्हा तीन डोस देतात. ही तपासणी आमच्याकडचे बहुतेक जण टाळतात आणि मला ते अजिबात पटत नाही. सुई टोचल्यावर धावपळ करण्यापेक्षा हा आकडा आधीच हातात असलेला बरा.

खर्चाचा विषय निघाला तर डॉक्टरांना शांतपणे सांगा: २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी त्यांची आरोग्य तपासणी करणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. एका खुर्चीचा दवाखाना असला तरी यातून सुटका नाही.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं धोका खुर्चीपाशी, भूल देताना. तिथे तो आहेच, पण असिस्टंटला टोचतं ते बहुतेक वेळा मागच्या बेसिनवर. दाढ काढून झालेली असते, बाहेर पुढचा पेशंट थांबलेला असतो. ट्रे येतो, त्यात रक्ताने भिजलेला गॉझ, गॉझखाली प्रोब (दात तपासायचं टोकदार अवजार), कधी टाके घालायची अर्धगोल सुई. असिस्टंट सगळं एका मुठीत उचलून नळाखाली धरते आणि प्रोबचं टोक पातळ ग्लोव्हमधून थेट बोटात. तपासणीचे पातळ ग्लोव्हज अवजारं धुण्याच्या कामासाठी नसतातच. धुताना भांडी घासायला वापरतात तसले जाड रबरी ग्लोव्हज हवेत, डोळ्यांवर चष्मा हवा आणि प्लास्टिकचा एप्रन. ट्रेमध्ये हात घालायचा नाही, लांब चिमट्याने एकेक वस्तू उचलायची. घासावंच लागलं तर लांब दांड्याच्या ब्रशने, अवजार पाण्याखाली बुडवून, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. अल्ट्रासोनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी अवजारं साफ करणारं यंत्र) असेल तर हाताने घासण्याचं काम जवळजवळ संपतंच. माझ्या मते नव्या दवाखान्याने भिंतीवरच्या टीव्हीआधी तो घ्यावा.

सुई आणि ब्लेड मात्र ट्रेमधून बेसिनपर्यंत पोचताच कामा नये. ज्याने वापरली त्यानेच ती खुर्चीपाशी टाकायची, म्हणजे डॉक्टरांनी. पांढरा, टोचून आरपार न जाणारा डबा आणि नीडल कटर खुर्चीपासून हाताच्या अंतरावर हवा. आतल्या खोलीत ठेवला की कुणीतरी उघडी सुई घेऊन तिथपर्यंत चालत जाणार. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, वरून दाबून जागा करायची नाही.

वापरलेल्या सुईला टोपण घालूच नका, हा नियम आमच्याकडे पुरता चालत नाही. रूट कॅनालच्या मध्येच दुखायला लागलं की त्याच पेशंटला पुन्हा भूल द्यावी लागते, मधल्या वेळात सुई झाकावी लागते. त्यासाठी टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, एकाच हाताने सिरिंज धरून सुई टोपणात सरकवायची, टोपण सुईवर उभं राहिलं की ट्रेवर दाबून बसवायचं. दुसरा हात त्या वेळी पाठीमागे असला तरी चालेल. डॉक्टरांनी झाकलं नसेल तर ‘सर, तेवढं टोपण घालून ठेवता का’ असं म्हणा. तुम्ही स्वतः दोन्ही हातांनी घालायला जाऊ नका.

बर (दात कोरायचं टोकदार पातं) हँडपीसमध्ये, म्हणजे ते फिरवणाऱ्या यंत्राच्या दांड्यात, तसाच ठेवून हँडपीस अडकवला की पुढून जाणाऱ्याच्या हाताला ओरखडा येतो. काम झालं की बर काढून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

‘पेशंटला काही आजार आहे का’ हे विचारून त्यावर काळजी कमी-जास्त करू नका. बऱ्याच लोकांना स्वतःलाच माहीत नसतं. आणि एखाद्याने एचआयव्ही आहे असं खरं सांगितलं आणि दवाखान्याने त्याला परत पाठवलं, तर पुढच्या दवाखान्यात तो गप्प बसणार. अशी वागणूक माणसावर अन्याय आहेच, आणि त्यातून कुणाचीही सुरक्षितता वाढत नाही. काळजी सगळ्यांसाठी सारखी.

तरीही टोचलं तर? ग्लोव्ह काढा, जखम साबण-पाण्याने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. डोळ्यात रक्त उडालं असेल तर साध्या पाण्याने बराच वेळ धुवा. मग लगेच डॉक्टरांना सांगा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांच्या आत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ती २८ दिवस घ्यायची. लस झालेली नसेल तर हिपॅटायटिस बी चं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) २४ तासांत मिळालेलं उत्तम. हिपॅटायटिस सी वर लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. त्या दिवशीच तुमच्या रक्ताची पहिली तपासणी करून घ्या, पुढच्या तारखा डॉक्टर देतील. पेशंटचं रक्त तपासायचं तर त्याची संमती लागते. नीट समजावलं तर लोक सहसा देतात. तो नाही म्हणाला किंवा निघून गेला असेल, तर त्याची वाट बघत तुमची औषधं लांबवू नका.

एचआयव्ही-एड्सच्या २०१७ च्या कायद्याने ही औषधं, सुरक्षेची साधनं आणि ती वापरण्याचं प्रशिक्षण देणं आरोग्य सेवा देणाऱ्या संस्थांना बंधनकारक केलंय, तेव्हा मागताना संकोच करू नका. उद्या कामावर गेलात की जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्राचा (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) आणि रात्रीसाठी तिथल्या अपघात विभागाचा फोन नंबर शोधून बेसिनवरच्या भिंतीला चिकटवा. त्याच्याच खाली १०९७ लिहा, ही एड्सची मोफत हेल्पलाइन आहे.