‘हाऊस’ आणि ‘हाऊझ’: एकच इंग्रजी शब्द नामही आणि क्रियापदही

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीत ‘वॉटर’, ‘बुक’, ‘हँड’, ‘रेकॉर्ड’ असे शब्द नाम म्हणूनही चालतात आणि क्रियापद म्हणूनही. मग कुठे काय आहे हे ओळखायचं कसं? आणि काहींचा उच्चार बदलतो, काहींचा नाही, याला काही नियम आहे का?

ओळखायचं ते जागेवरून. इंग्रजीत शब्दाच्या रूपापेक्षा वाक्यातल्या जागेला जास्त किंमत आहे. पूर्वी असं नव्हतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘प्रेम’ या अर्थाचं नाम होतं ‘लुवु’ आणि क्रियापद ‘लुवियन’. आपल्याकडे जसे विभक्तीचे आणि आख्याताचे प्रत्यय, तसे तिथेही होते. पुढच्या काही शतकांत शब्दांची शेपटं झिजली, दोन्हींचं ‘लव्ह’ झालं आणि मग कुठलंही नाम उचलून क्रियापदाच्या जागी बसवायला आडकाठी उरली नाही. जागेचा आधार काढून घेतला की काय होतं, हे दाखवायला भाषाशास्त्रात एक तारेचा मजकूर नेहमी देतात: ‘शिप सेल्स टुडे’. जहाज आज निघतंय, की शिडं आज पाठवून द्या? कुठल्यातरी एका शब्दाआधी ‘द’ घातला की गोंधळ मिटतो, नाहीतर तार घेणाऱ्याने डोकं खाजवत बसायचं.

उच्चाराचा भाग मला जास्त रंजक वाटतो, कारण झिजलेल्या प्रत्ययांची खूण तिथे अजून दिसते. ‘घर’ या अर्थाने ‘हाऊस’, पण ‘राहायला जागा देणे’ या अर्थाने ‘हाऊझ’. स्पेलिंग तेच. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधे सापडलेला ‘स’ मऊ होऊन ‘झ’सारखा उच्चारला जाई. नामात तो शब्दाच्या टोकाला होता, म्हणून ‘स’च राहिला. क्रियापदात त्याच्यापुढे प्रत्यय होता, म्हणून तो मऊ झाला. प्रत्यय गळून पडला, ‘झ’ मात्र तसाच राहिला. ‘बाथ’ आणि ‘बेद’, ‘शेल्फ’ आणि ‘शेल्व्ह’, ‘हाफ’ आणि ‘हाव्ह’ या जोड्या याच घरातल्या. नाम कडक, क्रियापद मऊ.

‘यूस’ आणि ‘यूझ’ ही जोडी फ्रेंचमधून आली, पण तीही याच रांगेत उभी राहिली. आपण मराठी माणसं इथे हमखास घसरतो. ‘काही यूज नाही’ हे इतकं अंगवळणी पडलंय की इंग्रजी बोलतानाही ‘व्हॉट इज द यूज’ असंच तोंडात येतं. नाम आहे, तेव्हा तिथे ‘यूस’ हवं.

दुसरी तऱ्हा आघाताची. ‘रेकॉर्ड’ हे नाम, जोर ‘रे’वर, क्रियापद ‘रिकॉर्ड’, जोर ‘कॉर्ड’वर. भेटवस्तू ती ‘प्रेझंट’, सादर करणे ते ‘प्रिझेंट’. वस्तू ‘ऑब्जेक्ट’, हरकत घेणे ‘अब्जेक्ट’. मराठीत आघाताने शब्दाची जात बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हा फरक पटकन जाणवत नाही. रिक्षाचं ‘परमिट’ आणि परवानगी देण्याचं ‘परमिट’ आपण एकाच सुरात म्हणतो.

पण याला नियम समजू नका. ‘रिपोर्ट’, ‘सपोर्ट’, ‘कंट्रोल’, ‘रिप्लाय’ यांत नाम असो वा क्रियापद, जोर शेवटीच. यादी पक्की ठरलेलीही नाही: ‘रिसर्च’ नाम असताना बरेच जण आता पहिल्या अक्षरावर जोर देतात. शंका आली की सरळ शब्दकोश उघडावा, तिथे आघाताची खूण असते.

‘गूगल’चं क्रियापद झालं म्हणून इंग्रजी बिघडली असं म्हणणारे भेटतात. तक्रार जुनीच आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1789 साली कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहून ‘नोटिस’, ‘अ‍ॅडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ यांच्या क्रियापदांवर नापसंती कळवली होती, आणि त्यातही ‘प्रोग्रेस’वर त्यांचा विशेष राग. तिन्ही आज बिनबोभाट चालतात.

आता मराठी. परका शब्द आला की आपण तो नामासारखा ठेवतो आणि काळ-वचनाचं ओझं शेजारच्या क्रियापदावर टाकतो: गूगल केलं, ब्रेक मारला, सेल्फी काढली. घरच्या शब्दांना मात्र प्रत्यय लावून नामधातू करतो: हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, पाण्यावरून डोळे पाणावणे. आणि इंग्रजीसारखी एकाच रूपाची दुहेरी कामंही आपल्याकडे आहेत, फक्त लक्षात येत नाहीत. ‘मार खाल्ला’ आणि ‘त्याला मार’ यांतला ‘मार’ पाहा. ‘नाच’, ‘खेळ’, ‘बोल’ यांचंही तेच. ‘गाणं’ ही वस्तूही आहे आणि क्रियाही. ‘दुखणं’ म्हणजे आजार आणि अंग दुखणंही. ‘देणं’ तर वाण्याच्या वहीतही असतं आणि हातून घडतंही.